गावाचं स्वतःचं इंटरनेट: वाडीवाडीतल्या लोकांना तयार कसं करायचं

गावाचं स्वतःचं इंटरनेट करायचं असं डोक्यात आलं की आपली पोरं पहिल्यांदा युट्यूबवर बसतात, कुठला रेडिओ (म्हणजे एका पोलवरून दुसऱ्या पोलवर बिनतारी इंटरनेट पाठवणारा डबा), किती एमबीपीएस म्हणजे किती स्पीड, पोल किती फुटी, आणि थोड्या दिवसांत सगळी माहिती तोंडपाठ होते पण गावात कोणाला पत्ताच नसतो की असं काही चाललंय. मग एक दिवस ग्रामसभेत विषय मांडतात आणि तो पाच मिनिटांत पडतो. सामान मिळतं हो, कुडाळ-कणकवलीला नाही मिळालं तर मुंबईहून येतं, पण शंभर घरांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढून "हे आमचं" म्हणायला पाहिजे, ते कुठल्या दुकानात मिळत नाही. म्हणून इथे फक्त तेवढंच लिहितोय, लोकांना तयार कसं करायचं. डोळ्यासमोर तळकोकणातलं गाव आहे, दहा-बारा वाड्या, मध्ये डोंगर आणि व्हाळ म्हणजे ओढे, एका वाडीत फोर-जी फुल आणि पुढच्या वाडीत खिडकीत फोन टांगल्याशिवाय कॉल लागत नाही. घाटावर किंवा विदर्भात थोडंफार वेगळं असेल पण लोक विचारतात ते प्रश्न तेच असणार.

आधी वही घ्या

दोनशे पानी वही घ्या आणि घरोघरी फिरा. इंटरनेट हवंय का असं विचारू नका, त्यावर सगळे "हो चांगलंच आहे की" म्हणतात आणि त्या होकाराला काही अर्थ नसतो. विचारायचं एवढंच की गेल्या दोन-तीन महिन्यांत रेंज नाही म्हणून तुमचं कुठलं काम अडलं. मग बघा लोक कसे बोलायला लागतात. रेशन दुकानात ई-पॉस मशीन फिरत राहतं, अंगठा लागत नाही, बाई तीन वाड्या ओलांडून आलेली असते ती रिकामी पिशवी घेऊन परत जाते. लाडकी बहीणच्या ई-केवायसीला ओटीपी येतो तो डोंगरावर गेल्यावर, तोपर्यंत त्याची वेळ संपलेली. ई-पीक पाहणीत काजूच्या बागेत उभं राहून फोटो काढायचा तर ॲप उघडत नाही. मुंबईचा मुलगा म्हणतो मी गणपतीला पंधरा दिवस राहिलो असतो पण इथून ऑफिसचं काम होत नाही. होम-स्टेवाल्याला बुकिंगचा मेसेज दुसऱ्या दिवशी दिसतो. हे सगळं वाडीचं नाव, घर आणि काय अडलं असं लिहून काढा, त्यांच्याच शब्दात, कारण पुढे सभेत तुम्ही फायबरचे फायदे सांगण्यापेक्षा ही वही वाचून दाखवलीत तर जास्त काम होतं.

यातून एक गोष्ट शोधायची असते, ती म्हणजे बहुतेक घरांचं एकच अडलेलं काम. वारणेचं उदाहरण मला इथे फार महत्त्वाचं वाटतं. १९९८ मध्ये वारणानगरच्या साखर कारखान्याच्या आधारानं कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांत संगणक केंद्रं उभारली होती, वारणा वायर्ड व्हिलेज म्हणून, त्या काळात देशभर नाव झालेलं. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण असं बरंच काही त्यातून व्हायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रात यायचा तो मुख्यतः उसाचं वजन, पावती आणि बिल बघायला, पुढे संशोधकांनी तेच काम साध्या मोबाईलवर एसएमएसनं करून बघितलं आणि तेही चाललं. मला यात लोकांचं चुकलं असं अजिबात वाटत नाही. लोक स्वतःच्या अडलेल्या कामासाठीच येतात, त्यामुळे तुमच्या गावात ते काम रेशनचा अंगठा असेल तर पहिली जोडणी रेशन दुकानाला द्या, दहावी-बारावीचे फॉर्म असतील तर शाळेला, बाकीचं मागून येईल.

बंद पडला तर येतलो कोण?

आता मुद्द्याचं. मी जिथे जिथे हा विषय बोललोय तिथे वेगवेगळ्या तोंडून एकच प्रश्न येतो, बंद पडला तर येतलो कोण, म्हणजे दुरुस्तीला येणार कोण? लोक स्पीड विचारत नाहीत. आणि ते बरोबर आहे कारण आजपर्यंत गावात आलेली प्रत्येक वस्तू उद्घाटनाच्या दिवशी चालू होती. सौर दिवे चालू होते, नळपाणी योजनेचा पंप चालू होता, पंचायतीच्या कपाटातला इंटरनेटचा डबाही फोटो काढेपर्यंत चालू होता. फोन कंपनीचं नेट गेलं तर आपण कस्टमर केअरला फोन लावतो, त्यासाठी पण रेंज लागते!

म्हणून गावाची मालकी ही गोष्ट लोकांना तत्त्व म्हणून समजावत बसू नका, ती या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगा. कंपनीला आपल्या वाडीतली पंधरा घरं म्हणजे पंधरा बिलं, ती बंद राहिली तरी तिला फरक पडत नाही. गावानं केलं तर दुरुस्तीवाला गावातलाच असतो, त्याचा पगार आपल्या वर्गणीतून जातो आणि तो संध्याकाळी देवळाकडे भेटतो. पण हे नुसतं बोलून पटत नाही. सभेला जायच्या आधी गावातली दोन मुलं, आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेली असतील तर उत्तमच, ठरवा आणि त्यांना शिकायला पाठवा, केबल क्रिंप करणं म्हणजे टोकाला पिन बसवणं, रेडिओ सेट करणं, पोलवर बेल्ट लावून चढणं. दोन कारण एक मुंबईला नोकरीला जाणार हे धरूनच चालायचं. सभेत त्या दोघांना उभं करा आणि नावं सांगा. शक्य असेल तर त्यात एक मुलगी असू दे, दुपारी घरात बायकाच असतात आणि बिघाड सांगायला त्यांना तिच्याशी बोलणं सोपं जातं.

वीज पडणे हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा बिघाड आहे, मे महिन्यात आणि परतीच्या पावसात. हे लपवू नका. चांगलं अर्थिंग, गडगडायला लागलं की प्लग काढायची सवय, आणि एक जास्तीचा रेडिओ कायम कपाटात, एवढं सांगितलंत तर लोकांना कळतं की यांनी विचार केलाय. लाईट गेल्यावर काय, हेही विचारतातच, मधल्या पोलला बॅटरी किंवा छोटं सोलर लागतं ते खर्चात आधीच धरलेलं दिसलं पाहिजे. पावसाळ्यात झाडी वाढते आणि जानेवारीत समोर दिसणारा पोल जुलैत पानांआड जातो, तेव्हा कोणाच्या आंब्याची फांदी तोडावी लागेल हे पण आत्ताच विचारून ठेवा नाहीतर नंतर त्यावरून भांडण ठरलेलं.

कोणाकडे आधी जायचं

सरपंचाकडे जायचंच, पण पहिला माणूस म्हणून नाही असं माझं मत आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी एका गटाच्या ओटीवर बसलात की दुसऱ्या गटासाठी ती योजना त्यांची झाली, मग तुम्ही कितीही चांगलं बोला.

बचत गटांपासून सुरुवात करा. त्यांना महिन्याची वर्गणी गोळा करणं, वहीत लिहिणं, थकलेल्या घराकडे न भांडता वसूल करणं हे सगळं आधीच येतं, आणि खरं सांगायचं तर गावातलं इंटरनेट टिकतं ते याच कामावर. कायद्यानं पण एक सोय आहे, आपल्या राज्यात प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच होते, ती खरोखर घ्यायला लावा आणि विषय पहिल्यांदा तिथे मांडा. तिथून ठराव होऊन आलेला विषय मोठ्या सभेत सहसा पडत नाही.

मग बौद्धवाडी आणि धनगरवाडा. कोकणात रस्ता, पाणी, लाईट सगळं या वाड्यांत शेवटी पोचलंय, काही ठिकाणी अजून पोचतंय, आणि तिथली माणसं आता कोणाच्या आश्वासनावर पैसे देणार नाहीत, त्यांनी का द्यावेत? त्यामुळे पहिल्या टप्प्यात कुठल्या वाड्या याचा नकाशा काढताना यातली एक तरी वाडी पहिल्याच फेरीत घ्या, आणि कमिटीत त्यांचा माणूस सहीच्या अधिकारासकट घ्या. उपकार म्हणून नको, तो त्यांचा हक्क आहे. आणि असं केलंत की बाकीच्या वाड्यांनाही दिसतं की यावेळी काहीतरी वेगळं चाललंय.

मुख्य पोल कुणाच्या घरावर लावू नका. कितीही उंच घर असू दे, मालक कितीही चांगला असू दे. शाळा, पाण्याची टाकी, समाजमंदिर, किंवा देवळाच्या आवारात देवस्थान कमिटीची आणि मानकऱ्यांची परवानगी घेऊन. देवळाकडे लावायचं असेल तर गावकरांना आधी भेटा, रीतसर नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला, लोकांच्या मनात ती गोष्ट तिथूनच गावाची होते.

केबलवाल्याला विसरू नका. तालुक्यातून डिश आणि नेट देणारा जो कोणी असेल त्याचं पोट यावर आहे आणि तुम्ही त्याला वगळलंत तर तो घरोघरी जाऊन सांगेल की हे बेकायदेशीर आहे, चार महिन्यांत बंद पडेल. त्याच्याकडे शिडी आहे, फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन आहे, कुठल्या पोलवरून केबल नेता येते याची माहिती आहे. त्याच्याशी दुरुस्तीचा किंवा लाईन आणून द्यायचा करार करा. मला तर वाटतं अर्ध्या गावांत हा माणूस जोडला गेला तर बाकी निम्मं काम आपोआप होतं.

चाकरमान्यांचं म्हणाल तर मुंबई मंडळाची मिटींग परळ-लालबागला नाहीतर आता डोंबिवली-विरारला होते, तिथे एकदा जाऊन या. त्यांना गावच्या घरातले आई-वडील दिसायला हवेत, बंद घराला सीसीटीव्ही हवाय, घरून काम हवंय, आणि ते भागभांडवल देऊ शकतात. फक्त निर्णय गावात राहणाऱ्यांचा राहील हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा, एका घराला एक मत, पैसे कितीही दिलेले असोत.

कायद्याचं थोडक्यात

"हे बेकायदेशीर तर नाही ना" याला ठाम उत्तर तयार पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं पीएम-वाणी योजना मंजूर केली, त्यात दुकानदार, पंचायत, बचत गट कोणीही सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतं, त्याला पब्लिक डेटा ऑफिस म्हणजे पीडीओ म्हणतात आणि पीडीओला परवाना किंवा परवाना-फी काही लागत नाही, अशा अनेक पीडीओंना एकत्र सांभाळणाऱ्या एका ॲग्रीगेटर कंपनीशी जोडून घ्यायचं असतं. जून २०२५ मध्ये ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकानं असंही ठरवलंय की २०० एमबीपीएसपर्यंतचं घरगुती प्लॅनचं कनेक्शन पीडीओला जास्तीत जास्त दुप्पट दरात द्यायचं, त्याआधी अशा कामासाठी महागडी लीज लाईन म्हणजे फक्त आपल्यासाठी राखलेली लाईन घ्या म्हणायचे. घराघरात स्वतंत्र कनेक्शन द्यायचं तर मात्र परवाना असलेल्या आयएसपीबरोबर म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीबरोबर लेखी करार पाहिजे, आपल्या मनानं लाईन घेऊन वाटायची नाही. संस्था काढायची तर सहकार कायद्याखाली वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात. सभेत एवढं पुरे, कागद पिशवीत ठेवा, मागितले तर दाखवा.

जे प्रश्न येणारच

मोबाईलवर रोज दीड-दोन जीबी मिळतंय मग हे कशाला? याला वाद घालू नका, ज्यांना मिळतंय त्यांना सोडा, ते नंतर येतील. वहीत ज्यांची कामं अडली आहेत त्यांच्याकडे लक्ष द्या.

पोरं बिघडतील. हा प्रश्न आया विचारतात आणि तो खरा आहे, हसून उडवू नका. घरातला राउटर रात्री दहाला बंद होईल असं लावून देता येतं, ते करून द्या, आणि शाळेच्या गुरुजींना-बाईंना सांगून अभ्यासाचा वेळ ठरवा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सिंधुदुर्गातली पोरं पावसात डोंगरावर झोपड्या बांधून क्लासला बसली होती, ते आया विसरलेल्या नाहीत.

रेडिएशन. छतावरचा छोटा रेडिओ साधारण घरातल्या एलईडी बल्बएवढीच वीज घेतो, मोबाईल टॉवरशी त्याची तुलना होत नाही. तरी एखाद्या घराला नकोच असेल तर त्यांच्या घरापासून लांब लावा, हट्ट करू नका.

आणि सगळ्यात जड प्रश्न, सहकारी म्हटलं की राजकारण आलं आणि पैसे खाल्ले. हे बोलणारा माणूस सहसा पन्नाशीच्या पुढचा असतो आणि त्यानं दूध डेअरी, पतपेढी बुडालेली बघितलेली असते. त्याला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना कसा उभा राहिला ते सांगून उपयोग नाही, त्याला बुडालेल्याबद्दलच बोलायचं असतं, तर तेच बोला. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज संस्था घ्या, सभासदांची सहकारी संस्था होती, चाळीसेक वर्षं गावोगाव वीज दिली, पण वरून घेतलेल्या विजेची थकबाकी वाढत वाढत हाताबाहेर गेली आणि २०११ मध्ये तिचं क्षेत्र महावितरणकडे गेलं. त्याची कारणं बरीच आहेत आणि त्यावर भांडणारे लोक आजही भेटतील, पण आपल्यापुरता बोध सरळ आहे, वर जेवढं द्यायचं त्यापेक्षा खालून कमी वसूल होत असेल तर ते पहिल्याच महिन्यात सगळ्यांना दिसलं पाहिजे. म्हणून फळ्यावर हिशोब. दर महिन्याच्या एक तारखेला देवळाबाहेर किंवा पंचायतीबाहेर, किती घरांनी दिले, किती थकले, लाईनचं बिल किती, दुरुस्ती किती, शिल्लक किती. आणि सरपंचाचं घर असो की कमिटीवाल्याचं, फुकट कनेक्शन कोणालाच नाही. हा नियम त्या पन्नाशीच्या माणसाच्या तोंडूनच सभेत मांडून घ्या आणि जमलं तर त्यालाच हिशोब तपासनीस करा.

पैशाचं गणित फळ्यावर मांडा

समजा ६० घरं आणि महिना ३०० रुपये, म्हणजे १८,०००. त्यातून लाईनचं भाडं समजा ८,०००, दोन मुलांचं मानधन ६,०००, वीज नि किरकोळ १,५००, राहिले २,५०० ते वीज पडली तर, म्हणून बाजूला. हे आकडे तुमच्या गावाचे वेगळे येतील पण मांडणी अशीच ठेवा, आणि ६० ऐवजी ४० घरंच आली तर काय होतं ते पण शेजारी लिहा. तोटा दाखवायला घाबरू नका, लोक त्याच्याकडे बघूनच विश्वास ठेवतात.

आगाऊ रक्कम घ्या, छोटी घ्या, पावती देऊन घ्या, आणि अट लिहून द्या की अमुक तारखेपर्यंत इतकी घरं आली नाहीत तर पूर्ण परत. खातं तीन वाड्यांच्या तीन सह्यांचं. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांचं श्रमदान हिशोबात धरा. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये २०११ ला बार्न नावाची संस्था गावकऱ्यांनीच काढली, कंपन्या येत नव्हत्या म्हणून, शेतकऱ्यांनी शेतातून केबल न्यायला फुकट जागा दिली, लोकांनी स्वतः चर खणले आणि एक जीबीपीएसची लाईन घरात आणली, खणलेल्या कामाचे शेअर पण मिळायचे. दक्षिण आफ्रिकेत मांकोसी गावच्या झेन्झेलेनी सहकारी संस्थेनं तर सुरुवातीला सोलरवर लोकांचे मोबाईल चार्ज करून देऊन पैसे उभे केले. आपल्याकडे बांध घालायला, पाखाडी म्हणजे दगडी पायवाट करायला वाडी जमते, तशीच पोलचे खड्डे मारायला जमेल, तो दिवस पेज आणि उसळीसकट सगळ्यांचा ठेवा.

आधी दाखवा मग मागा

एका वाडीत दोन महिने चालवून दाखवा. पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या आसपास आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पवाल्यांनी असंच सात गावांपासून सुरू केलं होतं, टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरून, मग पुढे २५ गावांपर्यंत नेताना परवाना न लागणारे साधे ५.८ गिगाहर्ट्झचे रेडिओ वापरले. पंचायत, सरकार आणि खाजगी माणूस एकत्र येऊन हे चालवायचं असं त्यांचं म्हणणं होतं आणि गावातलाच मुलगा ते सांभाळणार. दुसऱ्या वाडीतल्या लोकांना तिथे घेऊन जा, चहा प्यायला म्हणून, आणि तिथल्या बाईंना बोलू द्या, तुम्ही गप्प बसा.

वेळ नीट निवडा. पहिली ट्रायल गणपतीत करू नका, गाव दुप्पट भरलेलं असतं, पाऊस चालू असतो, आणि एकदा आरतीच्या व्हिडिओ कॉलला अडकलं की वर्षभर तेच बोललं जाईल. पावसाळा सरल्यावर बांधा, जानेवारी-फेब्रुवारीत चालवा, शिमग्याला पालखीसाठी सगळे आलेले असतात तेव्हा दाखवा आणि मे महिन्यात चाकरमानी असताना आगाऊ रक्कम गोळा करा.

ग्रामसभेत विषय शेवटी न्यायचा, म्हणजे वही भरली, वाड्या फिरून झाल्या, ट्रायल झाली, त्यानंतर. मेक्सिकोत वाहाका प्रांतातल्या तालेआ दे कास्त्रो गावात मोठ्या कंपन्यांनी गाव लहान म्हणून नकार दिल्यावर २०१३ मध्ये गावानं स्वतःचं मोबाईल नेटवर्क उभं केलं, आणि तो निर्णय त्यांनी त्यांच्या गावसभेतच घेतला, आपली ग्रामसभा तशीच. सभेत भाषण नको. वहीतली दहा कामं वाचा, फळ्यावर गणित, दोन तंत्रज्ञ उभे, ट्रायलच्या वाडीतल्या दोन बायका बोलतील, मग ठराव. कोरम आहे की नाही बघा, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला जो कमी आकडा, तेवढी माणसं नसतील तर घाईनं ठराव करू नका, पुढे कोणीतरी तेवढ्यावरच अडवेल. ठरावात मालकी कोणाची, दर कोण ठरवणार आणि संस्था बंद पडली तर सामान कोणाचं हे तीन मुद्दे शब्दशः लिहून घ्या.

जी घरं नाही म्हणाली त्यांच्याकडे लगेच परत जाऊ नका आणि त्यांची नावं सभेत घेऊ नका. त्यांच्या वाडीच्या जवळ, बस थांब्यावर किंवा शाळेपाशी एक हॉटस्पॉट सुरू ठेवा, पाच-दहा रुपयांच्या कूपनवर ओटीपीचं काम होऊ दे. बिघाडाची वही पंचायतीत उघडी ठेवा, तक्रार किती वाजता आली आणि कधी दुरुस्त झाली, दोन्ही वेळा लिहून. एक पूर्ण पावसाळा जाऊ दे, मग ती वही घेऊन त्यांच्या ओटीवर जा.